बॅट हवेत गेली तरी चालेल

ॲनिमे बघणाऱ्यांना 'हायक्यू' हे नाव सांगायला नको. हारुइची फुरुदाते यांची ही व्हॉलीबॉलवरची मांगा मालिका २०१२ ते २०२० अशी आठ वर्षं चालली. तिच्यावरच्या ॲनिमेमुळे आपल्याकडच्या कितीतरी मुलांना, ज्यांनी आयुष्यात व्हॉलीबॉलला हात लावलेला नाही, 'लिबेरो' कोण असतो हे ठाऊक झालं. पण जपानमधला मुलगा संध्याकाळी खेळायला निघताना आईला 'हायक्यूला जातो' असं म्हणत नाही. तो 'बारे'ला जातो. 'बारेबोरु' हे व्हॉलीबॉलचंच जपानी जिभेवर बसलेलं रूप, आणि 'बारे' हे त्याचं लाडकं लघुरूप. 'हायक्यू' हा चित्राक्षरांतून घडवलेला जुना शब्द आहे, आपल्याकडच्या 'अग्निरथ'सारखा. मांगाच्या नावात तो आला तो जरा गमतीने, जरा ऐटीत.

या 'क्यू'ची एक अख्खी पलटण होती. 'क्यू' म्हणजे चेंडू. टेनिस म्हणजे 'तेइक्यू', अंगणातला चेंडू. बास्केटबॉल 'रोक्यू', टोपलीचा चेंडू. फुटबॉल 'शूक्यू', लाथेचा चेंडू. टेबल टेनिस 'ताक्क्यू', टेबलावरचा चेंडू. आणि बेसबॉल 'याक्यू', माळावरचा चेंडू. यातले रोजच्या बोलण्यात आज ठणठणीत आहेत ते शेवटचे दोन. बाकीचे संघटनांच्या नावांत, जुन्या क्लबांच्या पाट्यांवर आणि मांगाच्या मुखपृष्ठांवर उरले.

एकाच काळात, एकाच पद्धतीने, बऱ्याचदा त्याच शिकल्यासवरल्या वर्गाने घडवलेले शब्द. काही जगले, काही गेले. असं का झालं, याचं सर्वांत सोपं उत्तर 'लोकांना सोपे वाटले ते राहिले' असं आहे आणि ते अपुरं आहे. जपानी माणसाला 'याक्यू' 'बेसुबोरु'पेक्षा सोपा नाही. मला वाटतं, खेळाचा अनुवादित शब्द कितपत मुरला हे मैदानावर कळत नाही. मैदानाबाहेर, ऑफिसात, प्रेमात, निवडणुकीत, अगदी पावसाच्या अंदाजात तो कामाला लागला, तर मुरला. जपानी भाषेतला बेसबॉल या कसोटीवर वाचण्यासारखा आहे.

बेसबॉल जपानमध्ये आला तो १८७२च्या सुमारास. तोक्योत शिकवणाऱ्या होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या हाती बॅट दिली असं मानतात. पुढची वीसेक वर्षं मुलं इंग्रजी शब्दांनीच खेळत होती. बेसबॉलचं अक्षरशः भाषांतर करायला गेलं तर तळाला 'तेइ' आणि चेंडूला 'क्यू' धरून 'तेइक्यू' होतं, आणि उच्चाराला टेनिसही तेच. म्हणजे निरोप आला की बॅट घ्यायची की रॅकेट, हा प्रश्न. १८९४ साली चूमान कानाए या विद्यार्थी-खेळाडूने 'याक्यू' हा शब्द काढला. त्यात त्याने नावातला 'बेस' सरळ टाकून दिला आणि खेळ कुठे चालतो ते पाहिलं: मोकळ्या माळावर. १८९७ मध्ये त्याने याच नावाचं पुस्तकही लिहिलं.

याच सुमाराला दुसरा एक माणूस हेच काम करत होता. हायकूला 'हायकू' म्हणून आजचं रूप देणारा मासाओका शिकी. तो विद्यार्थिदशेत बेसबॉलवेडा होता. १८८९ मध्ये त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या, क्षयाचं निदान झालं, आणि पुढे मैदान सुटलं. १८९६ साली, जवळजवळ अंथरुणाला खिळलेला असताना, त्याने 'निप्पोन' या वर्तमानपत्रातल्या सदरात बेसबॉलचे नियम, जागा, खेळाडू सगळं समजावून लिहिलं. फलंदाजाला 'दाशा', धावणाऱ्याला 'सोशा', सरळ चेंडूला 'चोक्क्यू', उंच उडालेल्या चेंडूला 'हिक्यू' या शब्दांचं श्रेय त्याला देतात. ज्याला आता धावता येत नव्हतं त्याने 'धावणारा' हा शब्द रुळवला, हे वाचून थोडं थांबायला होतं. शिकी १९०२ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला. शंभर वर्षांनी, २००२ मध्ये, जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. ('याक्यू' हा शब्दही शिकीचाच, असं अजून पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. त्याने तीच दोन अक्षरं टोपणनाव म्हणून वापरली होती, पण ती तो 'नोबोरु' अशी वाचायचा, कारण त्याचं घरचं नाव नोबोरु होतं. शब्दखेळ होता, खेळाचं नाव नव्हे.)

पण मला शिकीपेक्षा चूमान जास्त चांगला अनुवादक वाटतो, आणि त्याचं कारण एकच शब्द आहे. 'शॉर्टस्टॉप' म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा खेळाडू. शिकीने त्याला 'तानशा' केलं: 'तान' म्हणजे आखूड, 'शा' म्हणजे अडवणं. शब्दाला शब्द. जपानी वाचकाला त्यातून काहीही दिसत नाही. खरं तर इंग्रजी वाचकालाही 'शॉर्टस्टॉप'मधून काही दिसत नाही. चूमानने त्याला 'युगेकिशु' म्हटलं. 'युगेकि' हा सैन्यातला शब्द, कुठल्याच ठरावीक जागी न थांबता जिथे गरज पडेल तिथे धावून जाणारी तुकडी. पुढे गनिमी युद्धालाही जपानीत हाच शब्द लागला. एका बेसला न बांधलेला हा खेळाडू नेमकं करतो काय, हे त्या शब्दात आहे. शिकीने नावाचं भाषांतर केलं, चूमानने माणसाचं केलं. 'तानशा' संपला. 'युगेकिशु' आजच्या वृत्तपत्रातही आहे.

सैन्यातून एक शब्द आला की त्याच्यामागून सगळी छावणी येते. जपानी बेसबॉलच्या बातम्या कांजीत वाचल्या तर कत्तलखान्याचा अहवाल वाटावा. बाद होणं म्हणजे 'शि', मृत्यू. 'मुशि मानरुइ' म्हणजे 'कोणी मेलेलं नाही, सगळे बेस भरलेले'. एकाच चेंडूवर दोघे बाद झाले तर 'हेइसात्सु', जोडहत्या. धावत बेसवर पोहोचता पोहोचता बाद झालेला खेळाडू 'फुन्शि' पावतो: संतापाने तडफडून मेला. ज्यांना हे हिंस्र वाटेल त्यांनी आपल्या क्रीडापानावर गोलंदाजाने किती 'बळी' घेतले ते मोजावं. आपण तर 'चीत' हा शब्द कुस्तीच्या हौद्यातून उचलून 'पायचीत', 'धावचीत', 'यष्टिचीत' केला, म्हणजे लॉर्ड्सवरच्या साहेबालासुद्धा मातीत पाठीवर पाडलं. परका खेळ घरात घेताना प्रत्येक भाषा तो आपल्या जुन्या झुंजीच्या कपड्यांत घेते.

फुटबॉलमध्ये मात्र जपानी भाषेला हेच मरण खुपलं. स्वतःच्याच जाळ्यात गेलेल्या गोलला पूर्वी 'जिसात्सुतेन' म्हणत, आत्महत्येचा गुण. १९९४च्या सुमाराला तो शब्द मागे पडला आणि 'ओन्गोरु' आला. त्याच वर्षी जे-लीगने बरोबरी फोडणाऱ्या 'सडन डेथ'लाही नकार दिला आणि 'व्ही-गोल' असं नाव घेतलं. व्ही म्हणजे विजयाचा. एकाच देशात बेसबॉलपटू रोज संतापाने तडफडून मरतात आणि फुटबॉलमध्ये मृत्यूचं नाव नको, हे विसंगत वाटेल. पण बेसबॉलचं मरण शंभर वर्षं वापरून गुळगुळीत झालं होतं. 'शि' ऐकून कोणालाच प्रेत दिसत नाही. 'आत्महत्या' मात्र शिळी झालेली नव्हती. व्यावसायिक लीग १९९३ मध्ये सुरू झालेली, प्रेक्षक नवा, आणि नवा प्रेक्षक शब्द ऐकतो.

आता सर्वांत जास्त सांगितला जाणारा किस्सा, तो मी लवकर उरकतो. युद्धाच्या काळात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. १९४० मध्ये संघांची इंग्रजी नावं गेली. रशियात जन्मलेला मोठा पिचर व्हिक्टर स्तारफिन याला 'सुदा हिरोशी' व्हावं लागलं. १९४३ मध्ये पंचांच्या तोंडचे शब्द बदलले: स्ट्राइकला 'योशी' म्हणजे 'छान', बॉलला 'दामे' म्हणजे 'नाही जमलं', बाद झाल्यावर 'हिके' म्हणजे 'मागे हो'. तीन स्ट्राइक झाले की 'योशी सानबोन, सोरेमादे'. तिसरं छान, पुरे आता. यासाठी काही कायदा झाला नव्हता. वातावरणच असं होतं की संघटनेने स्वतः होऊन केलं. युद्ध संपलं आणि हे शब्दही संपले. सांगणारे सहसा इथे हसतात आणि भाषाशुद्धीवर घसरतात. मला त्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९४३चे शब्द शुद्ध जपानी होते, तोंडात बसणारे होते, सोपे होते. 'युगेकिशु'पेक्षा कितीतरी सोपे. तरी त्यांच्यापाशी खेळाचं चित्र नव्हतं. 'छान' आणि 'नाही जमलं' हे स्वयंपाकघरातही म्हणता येतं. त्यामुळे ते मैदानातून बाहेर काहीच घेऊन जाऊ शकले नसते.

बाहेर काय काय गेलं ते आता बघू.

पंतप्रधान पदावर राहणार असतील तर जपानी वर्तमानपत्राचा मथळा म्हणतो 'झोकुतो': पुढेही तेच चेंडू टाकणार. पद स्वीकारणं म्हणजे 'तोबान', पिचरच्या उंचवट्यावर चढणं. नटाने भूमिका सोडली किंवा निवेदकाने कार्यक्रम सोडला की 'कोबान', उंचवट्यावरून उतरणं. ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी जाणारा 'दाइदा', बदली फलंदाज. जे काम आपल्या अखत्यारीत येत नाही ते 'शुबी हान्इ'च्या बाहेरचं, म्हणजे माझ्या क्षेत्ररक्षणाच्या टप्प्यात नसलेलं. आपल्याकडे कोणासाठी तरी 'बॅटिंग' करतात आणि पोस्टिंगसाठी 'फिल्डिंग' लावतात, तसंच. फरक असा की आपली ही भाषा चहाच्या टपरीवर राहिली, अग्रलेखात आली तर अवतरणचिन्हं लावून येते. जपानीतलं 'झोकुतो' विनाअवतरण पहिल्या पानावर असतं. याचं एक कारण जागेचं आहे. दोन चित्राक्षरांत वाक्य बसतं. याच गरजेपोटी १९३६ मध्ये 'योमिउरी'चे पत्रकार कावामोतो नोबुमासा यांनी 'ओरिंपिक्कु'ऐवजी 'गोरिन', पाच वर्तुळं, हा शब्द काढला आणि मथळ्यांनी तो लगेच उचलला. 'ताक्क्यू' टिकला तोही बहुधा असाच, आटोपशीर म्हणून. तो मैदानाबाहेर फारसं काही करत नाही, म्हणजे माझ्या कसोटीला जुमानत नाही. असू दे.

खरी गुंतागुंत इथून पुढे आहे. एखाद्याला वाटेल, इंग्रजी वाक्प्रचारांत बेसबॉल भरलेला आहे, जपानी माणसाला बेसबॉल पाठ आहे, मग अमेरिकन कादंबरी किंवा मालिका जपानीत आणणं किती सोपं! पण खेळ तोच असला तरी त्यातून उचललेले क्षण वेगळे असतात.

'कर्व्हबॉल' घ्या. इंग्रजीत आयुष्य तुमच्यावर कर्व्हबॉल टाकतं: अनपेक्षित संकट, आणि तुम्ही फलंदाज. जपानीत 'हेंकाक्यू', म्हणजे वळणारा चेंडू, बहुतेकदा तुम्ही स्वतः टाकता. सरळ मागून मिळत नाही तर जरा आडून मागावं, मुलाखतीत नेहमीच्या प्रश्नाऐवजी वेगळाच प्रश्न विचारावा, तो हेंकाक्यू. उलट 'चोक्क्यू शोबु' म्हणजे सरळ चेंडूने सामना: जे आहे ते तोंडावर बोलणं. शिकीचा तो 'चोक्क्यू' आता प्रेमाची कबुली देणाऱ्याच्या कामाला येतो. अमेरिकन म्हणीत माणूस बॅट घेऊन उभा आहे. जपानीत त्याच्या हातात चेंडू आहे. सबटायटल लिहिणाऱ्याने 'कर्व्हबॉल'ला 'हेंकाक्यू' लिहिलं तर पंचही चूक काढणार नाही, पण बिचारा नायक संकटात आहे की चलाखी करतोय, हे बघणाऱ्याला कळणार नाही.

'स्ट्राइक'चं तर आणखी मजेशीर. इंग्रजीत स्ट्राइक म्हणजे तुमच्या नावावर लागलेला डाग. तीन झाले की बाहेर. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये वारंवार गुन्हे करणाऱ्यांसाठी याच नावाचा कायदा झाला. जपानीत ही बाजूही आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या वकिलीच्या नव्या परीक्षेला पाच वर्षांत तीनदाच बसता येत असे, आणि तिन्ही वेळा नापास झालेल्याचं 'सानशिन' झालं असं म्हणत, म्हणजे तीन वेळा बॅट फिरवून बाद. २०१४ मध्ये कायदा बदलून संधी पाच केल्या. पण त्याच भाषेत एखादी व्यक्ती आवडण्याजोगी असेल तर ती माझ्या 'सुतोराइकु झोन'मध्ये आहे म्हणतात, आणि फारच आवडली तर 'दो-सुतोराइकु'. इंग्रजीत प्रेमात 'स्ट्राइक आउट' झालेला हिरमुसून घरी जातो, जपानीत स्ट्राइक झाला म्हणजे काळजात रुतला. (आपल्याकडे प्रेमात पडल्यावर 'विकेट' पडते. या बाबतीत आम्ही जपान्यांच्या जवळचे.)

आणि 'क्यात्चिबोरु'. दोघांनी समोरासमोर उभं राहून चेंडू झेलणं-फेकणं, याला जपानीने इंग्रजीच्याच सुट्या भागांतून स्वतःचा शब्द बनवला. इंग्रजीत असा शब्द नाही. आज 'शब्दांचा क्यात्चिबोरु' म्हणजे चांगला संवाद. यातली मेख अशी की क्यात्चिबोरुमध्ये कोणी जिंकत नाही. समोरच्याला झेलता येईल असाच टाकायचा असतो. टेनिसच्या चेंडूने संवादाची उपमा दिली की समोरचा हरायला हवा असतो. आपल्या बातम्यांत 'चेंडू आता राज्यपालांच्या कोर्टात' असतो, तो इंग्रजी टेनिसमधून जसाच्या तसा आलेला. जपानी बातम्यांत राजनैतिक वाटाघाटींचा चेंडू बऱ्याचदा नुसताच 'त्यांच्या बाजूला' असतो, कोर्ट गळून जातं. अर्थात सगळंच असं पचवलं जात नाही. 'गोलपोस्ट हलवणं' हे दक्षिण कोरियाशी चाललेल्या वादांच्या निमित्ताने जपानी राजकारणात जसंच्या तसं उतरलं, खांबांसकट.

बेसबॉलचं हे असं, मग क्रिकेटचं काय होत असेल! इंग्रजी कादंबरीतला पाद्री अडचणीत सापडून 'स्टिकी विकेट'वर असल्याचं म्हणतो, तेव्हा शिवाजी पार्कात वाढलेल्या वाचकाला पावसानंतरची खेळपट्टी डोळ्यांपुढे दिसते. जपानी अनुवादकापुढे दोनच वाटा उरतात. एक, उपमा सोडून 'कठीण परिस्थिती' लिहायचं. दोन, घरचा खेळ आणायचा. आणि जपानीत घरचा खेळ म्हणजे सुमो. सुमोच्या रिंगणाला 'दोह्यो' म्हणतात; तिच्या काठावर टेकलेला माणूस 'दोह्योगिवा'ला आलेला. उत्साहाच्या भरात स्वतःच रिंगणाबाहेर पाय टाकणं 'इसामिआशी'. पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं 'शिकिरिनाओशी'. समोर कोणी नसताना एकट्यानेच झुंजणं 'हितोरिझुमो'. आपल्या 'शड्डू ठोकणं', 'धोबीपछाड', 'चीतपट'चे हे सख्खे भाऊ. मोह होणारच. पण मग इंग्लंडातल्या खेड्यातला तो सडपातळ पाद्री एका वाक्यापुरता लंगोट लावून रिंगणात उभा राहतो. अशा ठिकाणी मी सपाट वाक्य पसंत करीन. उपमा गेली तर वाक्य गरीब होतं. चुकीची उपमा आली तर पात्र बदलतं.

सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'वर हीच वेळ आली. तिथे कॅचर बेसबॉलचा नाही. राईच्या शेतात खेळणारी मुलं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना धरणारा, असा तो होल्डनच्या मनातला. पण जपानीत 'क्याच्चा' म्हटलं की मुखवटा घालून उकिडवा बसलेला माणूसच समोर येतो. १९५२च्या पहिल्या अनुवादाने शीर्षकच टाळलं आणि पुस्तकाला 'धोक्याचं वय' असं नाव दिलं. १९६४ मध्ये नोझाकी ताकाशींनी 'राइमुगिबाताके दे त्सुकामाएते' केलं, जे 'राईच्या शेतात मला धर' असं ऐकू येतं. म्हणजे धरणाराच आता धरायला सांगतो. व्याकरणाने पाहिलं तर हे उलटं झालं. पण त्या मुलाला खरोखर कोणी धरायला हवं होतं, हे कादंबरी वाचलेला कोण नाकारेल? २००३ मध्ये हारुकी मुराकामींनी नवा अनुवाद केला आणि शीर्षक इंग्रजी उच्चारातच ठेवलं. मुराकामी बेसबॉलचे भक्त. १९७८ मध्ये जिंगू स्टेडियममध्ये डेव्ह हिल्टनने मारलेला फटका पाहता पाहता आपण कादंबरी लिहू शकतो असं वाटलं, ही कथा त्यांनीच सांगितलेली. त्यांना 'क्याच्चा'चा जपानी चेहरा माहीत नसेल असं होणार नाही. कदाचित त्यांना तो हवाच असेल, कारण याच कादंबरीत होल्डनच्या मेलेल्या भावाचा बेसबॉलचा हातमोजा आहे, हिरव्या शाईने कविता लिहिलेला. तरीही मी नोझाकींच्या बाजूने. मुराकामींचं शीर्षक अचूक आहे, नोझाकींचं ऐकू येतं.

कधी कधी अख्खा खेळच अनुवादित करावा लागतो. 'क्योजिन नो होशी' ही १९६६ला सुरू झालेली बेसबॉलची मांगा, कडक बाप आणि पिचर मुलगा यांची, जपानच्या एका पिढीने डोक्यावर घेतली. २०१२ मध्ये तिचा भारतीय अवतार 'सूरज: द रायझिंग स्टार' या नावाने 'कलर्स' वाहिनीवर आला. कथा मुंबईत, घर गरिबाचं, खेळ क्रिकेट. भावनेच्या दृष्टीने अदलाबदल चपखल होती. अडलं असेल तर कोपरापाशी. पिचर कोपर वाकवून झटका देतो, गोलंदाजाने तसं केलं तर नो-बॉल.

हे सगळं गंमत म्हणून वाचता येतं. पण एका ठिकाणी जपानीतल्या बेसबॉलच्या शब्दांवर माणसांचं जगणं-मरणं येऊन ठेपतं, आणि ते ठिकाण म्हणजे हवामान खातं.

जपानचं हवामान खातं आपले पावसाचे अंदाज किती खरे ठरले हे तपासतं तेव्हा दोन प्रकारच्या चुका मोजतं. पाऊस येईल म्हटलं आणि आला नाही: 'काराबुरी'. येणार नाही म्हटलं आणि आला: 'मिनोगाशी'. 'काराबुरी' म्हणजे बॅट फिरवली आणि ती हवेतून गेली. 'मिनोगाशी' म्हणजे चेंडू समोरून जाताना नुसतं बघत राहणं. सरकारी तक्त्यांत हे शब्द कोरडेपणाने छापलेले असतात, टक्केवारीसकट. इंग्रजीत पहिल्याला 'फॉल्स अलार्म' म्हणतात, म्हणजे खोटा; आपण सरळ 'अंदाज चुकला' म्हणतो आणि मीम बनवतो. दोन्हींत सांगणारा गुन्हेगार आहे. जपानी शब्दात सांगणाऱ्याने निदान बॅट फिरवली आहे.

आपत्ती व्यवस्थापनात याचं सूत्रच झालं: काराबुरी माफ, मिनोगाशी माफ नाही. पूर येतोय की नाही हे नक्की नसताना गावाच्या महापौराने स्थलांतराचा आदेश द्यावा की थांबावं, हा प्रश्न असतो. आदेश दिला आणि काहीच झालं नाही तर लोक चिडतात, पुढच्या वेळी ऐकत नाहीत. त्यामुळे हात आखडतो. अशा वेळी शाळेच्या संघात प्रशिक्षकाकडून ऐकलेलं कामी येतं: तिसरा स्ट्राइक नुसता बघून बाद झालास तर तोंड दाखवू नकोस, बॅट फिरवून हुकलास तर हरकत नाही. हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. खांद्यांना ठाऊक असतं.

इथे माझी एक तक्रार आहे. बॅट फिरवताना फलंदाजाची स्वतःचीच ताकद खर्च होते. स्थलांतराच्या आदेशात मात्र रात्री दोन वाजता शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोपते ती पंच्याऐंशी वर्षांची आजी. हुकलेल्या फटक्याची किंमत दुसरंच कोणी भरतं, हे त्या उपमेत कुठेच दिसत नाही. काही अभ्यासकांनी सुचवलेला नवा शब्द मला म्हणूनच लक्षात राहिला. ते म्हणतात, संकट न आलेल्या इशाऱ्याला 'काराबुरी' म्हणू नका, 'सुबुरी' म्हणा. सुबुरी म्हणजे चेंडू नसताना, सरावासाठी घोटून घोटून बॅट फिरवणं. ८ ऑगस्ट २०२४ला ह्यूगाच्या समुद्रात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नानकाइ खळग्यातल्या महाभूकंपासाठी सावधगिरीचा इशारा पहिल्यांदाच दिला गेला. आठवडाभर लोकांनी पाणी साठवलं, सहली रद्द केल्या. महाभूकंप आला नाही. तेव्हा हा सुबुरी शब्द पुन्हा ऐकू आला. आजी तेव्हाही बेत मोडूनच बसली होती, पण आता निदान सराव तिचाही होता.

हे सूत्र मराठीत आणायला घेतलं की कळतं, आपण कुठे उभे आहोत. 'बॅट हवेत गेली तरी चालेल, चेंडू सोडू नकोस' असं आझाद मैदानावर एखाद्या सलामीच्या मुलाला सांगून बघा. त्याचे सर तुम्हाला कुंपणाबाहेर काढतील. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणं ही अक्कल आहे. द्रविड आणि पुजारा आपण त्यासाठीच बघितले. तीन संधी नाहीत, एकदा हुकला की संपलं. खांद्यावर बॅट घेऊन त्रिफळा उडाला तर लाज आहे, पण ती क्वचित. त्यामुळे आपल्या खेळाच्या भाषेत हे सूत्र नेमकं उलटं ऐकू येईल: उगाच बॅट घालू नका, थांबा, बघा. पुराच्या पाण्यासमोर हा सल्ला चालणार नाही.

'सुबुरी'ला मात्र आपल्याकडे शब्द आहे. तो क्रिकेटमधला नाही. सुबुरीही मुळात बेसबॉलचा नव्हता. तलवारबाज हवेत पुन्हा पुन्हा वार घोटतात, त्याचं ते नाव. आपल्याकडे आपत्कालीन सरावाच्या बातमीत 'रंगीत तालीम' असं आधीपासून लिहितात. रंगीत नाटकवाल्यांचं. तालीम कोल्हापुरात विचारा, ते तुम्हाला हौद्यापाशी नेऊन सोडतील.